शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

त्या रविवारी ताईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या, अंबाडीची भाजी केली होती, ठेचा वेगळ्या वाटीत काढून ठेवला होता. तो येणार होता. तो म्हणजे आमच्या मामाच्या गायन पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणारा. मूळचा निलंग्याचा, राहायला लातूरला, आणि गेली काही वर्षं ताईच्या मनात. आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी तो पहिल्यांदाच पार्टीचा माणूस म्हणून नाही, पाहुणा म्हणून नांदेडला जेवायला येणार होता. दुपारच्या एसटीनं येतो म्हणाला होता.

दुपार गेली. आई म्हणाली, "झाक ते ताट. माशा घोंगावून राहिल्या."

"राहू दे. येतंय ते."

"काय की बाई. येणारं माणूस फोन तरी उचलतंय."

दिवस कलला तेव्हा ताईनं ताटातली भाकर उचलली. खापरीसारखी वाळली होती. तिनं तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, आवाज निघाला तशी हसली, आणि त्याच ठेक्यावर म्हणाली:

तव्यावरची पोळली रं, ताटामधली वाळली रं
येतो म्हणून गेलास राजा, भाकर तुझी वाळली रं

आई हसली. मी हसले. ताईही हसतच होती, पण मी समोर बसले होते म्हणून मला तिचे डोळे दिसले. बाकीच्या जगाला पुढं फक्त ते हसू ऐकू आलं. बहुतेक त्यामुळंच ते गाणं इतकं चाललं.

हे गाणं तुम्ही ऐकलेलं असणार. हळदीत ऐकलं असेल, वरातीत ऐकलं असेल, कुणाच्या तरी फोनवर बायका हातात भाकर धरून नाचताना बघितल्या असतील. ते कुणाचं आहे हेही तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. तेवढ्यासाठी मी हे लिहितेय.

माझ्या या लिखाणात एकही नाव येणार नाही. ताईनं घातलेली अट आहे. मला ती जाचते. मी ज्या घरात वाढले त्या घरात निनावी कागदाला किंमत नव्हती. माझे बाबा पत्रकं लिहायचे आणि स्वतःच छापायचे. गायरान, शिष्यवृत्ती, वसतिगृहातलं अळ्यांचं वरण, वस्तीला न येणारं पाणी. मी पाटीवर कमी आणि पत्रकांच्या प्रुफांवर जास्त वाचायला शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार' या शब्दाच्या आधी लिहिता यायचा. बाबांच्याकडं कुणी निनावी मजकूर छापायला आणला की ते चष्मा काढून सांगायचे, "खाली नाव टाकायची हिंमत न्हाई, त्यानं वर काय लिहू नये." मोठमोठ्या पुढाऱ्यांचे कागद त्यांनी असे परत पाठवलेत.

मामाच्या गायन पार्टीतही, जिथं ताई गायची आणि मी कोरसला असायची, हाच नियम होता. तिथं त्याला छाप म्हणत. आमच्याकडं जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, लग्नाला गायन पार्ट्या गातात, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात ते रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. म्हणे अमका, सांगे तमका. कुठं नोंद नाही, कागद नाही. गाणं बिलोलीत रचलं आणि औशात कुणी गायलं तरी शेवटी नाव येतं आणि लोकांना कळतं, हे कुणाचं. जुनी माणसं त्या नावाची वाट बघत बसलेली असतात. नाव आलं की हात वर जातो. मामा तर बिनछापाचं गाणं स्टेजवर घ्यायचाच नाही. "बिनबापाचं लेकरू हाय ते," म्हणायचा.

एकदा मी त्याला म्हटलं होतं, "मामा, लेकराला आईपण असती."

"हाव बाई. आता तू पत्रक काढ माझ्यावर."

रविवारी तो जेवायला का आला नाही हे सोमवारी फोनवर कळलं. त्याचा बाप आडवा आला होता. मग मामाच निलंग्याला गेला बोलणी करायला. त्याचे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घरात पुस्तकांचं कपाट, भिंतीवर समतेच्या ओळी. आमच्याच समाजातले, आमच्याच विचारांचे. जेवू घातलं आणि म्हणाले, "पोरगी स्टेजवर गाती, ते एक सोडा. पण आमचं पोरगं तरी काय हाय सांगा? दुसऱ्याच्या पार्टीत डबडं बडवतंय. त्याचं स्वतःचं असं काय हाय? लग्न करून दोघं काय खानार, टाळ्या?"

मामानं परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. मी पेटले. स्टेजवर गाणारी बाई यांना जयंतीला चालते आणि सून म्हणून चालत नाही, यावर मी बराच वेळ बोलले असेन. ताईनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिनं निलंग्याच्या त्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य उचललं होतं. भांडी घासताना, केस विंचरताना ते तिच्या तोंडात यायचं. "त्याचं स्वतःचं असं काय हाय."

"काय बडबडून राहिलीस?"

"काय न्हाई. बरोबर हाय त्यांचं. काय हाय त्याचं?"

दरम्यान त्या दोन ओळींचं गाणं होत होतं. धृपद तिचं, चाल तिची. अंतरे आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून बांधले. मी लिहायची आणि ती खोडायची. माझ्या पहिल्या अंतऱ्यात 'पितृसत्ता' होती.

"ह्या शब्दावर कोण नाचंल गं?"

"नाचायलाच पाहिजे का?"

"मंग काय करावं? रडून राहावं? रडणारीकडं लोक बघतेत. नाचणारीसंगं नाचतेत."

शेवटी माझ्या वाट्याला एक अंतरा आला, तोही तिनं अर्धा बदललेला.

कडी वाजली, उठून बघते, वारा निस्ता हसतो रं
आई इचारती कोण आलं, जीव माझा फसतो रं

मामानं ऐकलं आणि पेटीवर चाल वाजवून बघितली. मग म्हणाला, "हे रेकॉर्ड करू. लातूरला."

लातूरचा तो स्टुडिओ म्हणजे क्लासच्या गल्लीतल्या एका इमारतीचा वरचा मजला. खाली झेरॉक्स, समोर मुलींचं वसतिगृह, शेजारी मेस. खिडकीला गोधडी ठोकलेली. एक बॅच सुटून दुसरी भरेपर्यंत गल्लीत इतका कल्ला व्हायचा, की त्या वेळात रेकॉर्डिंग बंद. साउंडवाला गोधडी बाजूला करून बघायचा, "आता फिजिक्स सुटलं, थांबा," आणि आम्ही थांबायचो. तो सीमेकडचा, घरी कानडी बोलणारा. ताईला अक्का म्हणायचा आणि मला काहीच म्हणायचा नाही, कारण मी त्याला पहिल्याच भेटीत कराराबद्दल विचारलं होतं.

ऑक्टोपॅडवर तोच आला होता. निलंग्याच्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर. ताईनं विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "हाव." एवढंच.

ताईला हेडफोन लावला, कानात ठेक्याची टिकटिक सोडली आणि ती अडकली. पार्टीत ती कानावर हात ठेवून सुरू करायची आणि वाजवणारे तिच्या मागं यायचे. इथं तिला यंत्राच्या मागं जायचं होतं. एकदा पुढं, एकदा मागं. साउंडवाला कंटाळला. "अक्का, तुम्ही पळून राहिल्या. हे रेल्वे हाय, तुमच्यासाठी थांबत न्हाई."

तेव्हा ऑक्टोपॅडमागून तो उठला, आतल्या खोलीत गेला, ताईसमोर स्टुलावर बसला आणि आवाज न करता स्वतःच्या मांडीवर बोटांनी ठेका धरला. ताईनं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि त्याच्या बोटांकडं बघून गायला लागली.

बाहेरून काचेतून मी ते बघितलं. त्याची बोटं मांडीवर पडत होती आणि ती त्या बोटांना सांगत होती, येतो म्हणून गेलास राजा. त्यानं मान वर केली नाही. गाणं त्याच्यावरचं आहे हे त्याला कळलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. साउंडवाला पुटपुटला, "हे एकदम बरोबर," आणि चालू रेकॉर्डिंग थांबवलं नाही. आज तुम्ही ऐकता तो आवाज त्या वेळचा आहे.

शेवटचा अंतरा राहिला होता. मामानं विचारलं, "छाप कुणाची?"

"ताईची," मी म्हणाले. हा काय विचारायचा प्रश्न होता?

ताईनं पाण्याचा घोट घेतला आणि त्याचं नाव सांगितलं.

खाली गल्लीतून कुणीतरी कुणाला तरी मेसच्या डब्यासाठी हाका मारत होतं.

"ह्याची कामून?" मामा म्हणाला. "ह्यानं काय रचलं?"

"माझं गाणं हाय. मी देते."

"नको," तो म्हणाला. मग परत, "नको, असं कसं." दुसरा नको पहिल्यापेक्षा हळू होता.

मी ताईला जिन्यात ओढलं. काय काय बोलले ते सगळं आठवतं. राबणारी बाई आणि नाव पुरुषाचं, हे हजारो वर्षं चाललेलं आहे आणि तू ते आज आपल्या हातानं करते आहेस. बाबांना काय तोंड दाखवशील. ताई कठड्याला टेकून ऐकत होती.

"झालं तुझं?"

"न्हाई झालं."

"त्याच्या बापानं काय इचारलं? त्याचं स्वतःचं काय हाय. आता हाय म्हणून सांगंल. माझं नाव राहून काय मिळणार गं मला? निलंगा मिळणार का?"

"आणि नाव देऊन मिळणार?"

"मिळंल."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. आमच्यात शिष्य गुरूची छाप घालतो, मुलगा मेलेल्या बापाची घालतो. ती देता येते. तिच्याजवळ देण्यासारखं ते एकच होतं आणि तिनं ते हिशेबानं दिलं. मामा आत गेल्यावर तिला एवढंच म्हणाला, "पोरी, दागिना मागं घेता येतो. छाप न्हाई." आणि पेटीवर सूर धरला.

नावाच्या जागी मी रेघ मारते:

म्हणे ———, ऐका गं बायांनो, चूल अजून जागली रं
येतो म्हणून गेला त्याची भाकर मी राखली रं

पुरुषाचं नाव आणि पुढं 'मी राखली'. कुणालाही हे खटकलं नाही. बाईचं दुःख, बाईचा आवाज आणि खाली पुरुषाचं नाव, याची आपल्या कानांना इतकी सवय आहे की खटकायला जागाच उरलेली नाही.

बाबांनी रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटचा अंतरा आला तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताईला वाटलं, आवडलं.

गाणं साउंडवाल्यानं आपल्या चॅनेलवर टाकलं. महिनाभर काही नाही. मग औशाच्या एका डीजेवाल्यानं त्याचा वेग वाढवून वरातीत लावलं, आणि त्या वरातीत एका आजीबाईनं डोक्यावर भाकर ठेवून नाच केला, तो कुणीतरी टाकला. त्यानंतर काही कुणाच्या हातात राहिलं नाही. स्टुडिओसमोरच्या वसतिगृहातल्या, 'नीट' परीक्षेचा अभ्यास करून डोळे सुजलेल्या मुली गच्चीवर नाचल्या. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता म्हटलं. आमच्या गल्लीतली लेकरं तीन दगड मांडून चूल करायची आणि ताईला चिडवायची, "मावशे, तुझी भाकर करपली!" ताई त्यांना हसून मारायला धावायची. ते दिवस तिचे होते. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. दर दोन-चार दिवसांनी ती विचारायची, "त्याचे वडील ऐकले असतील का गं?"

ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. चॅनेलवर गाण्याखाली गीतकार म्हणून त्याचं नाव, संगीत म्हणून त्याचं नाव, आणि शेवटी 'गायन' म्हणून मामाच्या पार्टीचं. ताईचं कुठंच नाही. मी लातूरला जाऊन साउंडवाल्याला धरलं.

"अक्का," त्यानं पहिल्यांदाच मला अक्का म्हटलं, "मी मनानं लावलो न्हाई. गाण्यातच हाय की. छाप ज्याची, गाणं त्याचं. तुमच्यातच चालतंय हे. मी बदललो तर तो उद्या येऊन मला धरंल."

"तो तसा न्हाई."

"मंग त्याचा फोन आणा."

तो फोन कधी आला नाही.

आली ती मुलाखत. नांदेडच्याच एका पोरानं आपल्या चॅनेलसाठी घेतलेली. मागं गोदावरीचा घाट, तो नव्या जाकिटात. आम्ही तिघी स्वयंपाकघरात, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. पोरानं विचारलं, "सर, हे गाणं तुम्हाला सुचलं कसं?"

ताई पुढं वाकली.

"मी शिकायला बाहेर होतो," तो म्हणाला. "आईच्या हातच्या भाकरीची लई आठवण यायची."

आई पटकन म्हणाली, "त्याची आई तर पोळ्या करती. मामा जेवून आला न्हाई का?" आणि स्वतःच हसली, आणि हसू अर्ध्यावर टाकून ताईकडं बघितलं. ताईनं फोन उचलला, बंद केला, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला. मग कणीक मळायला घेतली.

तिचा हिशेब एका बाजूनं बरोबर निघाला. निलंग्याच्या घरी आता 'त्याचं स्वतःचं असं काय हाय' हा प्रश्न उरला नाही. तो कवी झाला होता. शाळांच्या स्नेहसंमेलनांना पाहुणा म्हणून जात होता. त्यामुळं स्थळं यायला लागली. देगलूरकडची, नोकरीवाली मुलगी. तिच्या घरच्यांना गाणं फार आवडलं होतं.

हे सांगायला तो स्वतः आला, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहिते. दुपारची वेळ होती. बाबा कामावर होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला. ताईनं पाणी दिलं.

"घरचे ऐकंना गेले," तो म्हणाला.

"बरं."

"मी लई समजावलो."

"बरं."

मी दारात उभी होते. "काय समजावलंस? गाणं कुणाचं हे समजावलंस का?"

"तू थांब," ताई मला म्हणाली. मग त्याच्याकडं न बघता, "मला एकच सांग. आईची भाकर कामून म्हणालास?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "मंग काय म्हणायचं होतं? तुझं नाव घेतलं असतं तर लोक तुलाच बोलले असते."

"माझी काळजी केलास तर."

"तसं समज."

"निघ आता. गाडी चुकंल."

तो गेला. गाडी चुकली नसणार. ताईनं ग्लास घासला, पालथा घातला, आणि मग मोरीतच खाली बसली. आवाज न करता रडणं मला येत नाही. तिला येत होतं. इतका मोकळा गळा असलेल्या बाईनं ते कुठं शिकलं असेल?

मी मला येतं ते केलं. रात्रभरात पत्रक लिहिलं. नावं, गावं, सगळं. खाली माझं नाव. सकाळी बाबांच्यापुढं ठेवलं. त्यांनी प्रुफासारखं वाचलं, एक ऱ्हस्व दुरुस्त केला आणि म्हणाले, "खरं हाय. एक अक्षर खोटं न्हाई. तिला दाखवलीस का?"

दाखवलं. ताईनं उभ्यानंच वाचलं.

"ह्यात मी कुठाय गं?"

"सगळं तुझ्यावरच हाय."

"हे बघ, 'शोषित कलावंत स्त्री' हाय. 'पुरुषी व्यवस्थेचा बळी' हाय. मी त्याला गाणं दिलं, हे कुठाय? मी दिलं. माझ्याकडून कुणी हिसकलं न्हाई. मला येडी म्हण, पण बळी म्हणू नको."

मी वाद घातला. दिलं म्हणजे काय, ज्या जगात बाईजवळ नवरा मिळवायला स्वतःच्या नावाशिवाय द्यायला दुसरं काही नसतं तिथं 'दिलं' या शब्दाला काय अर्थ आहे. मला अजून वाटतं की मी बरोबर होते. पण तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कुणाचं नाव कुठं लिवायचं न्हाई. त्याचंबी न्हाई, माझंबी न्हाई. शपथ हाय."

त्याचं लग्न झालं. त्या वरातीत कुठलं गाणं वाजलं असेल हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. पार्टीत ऑक्टोपॅडवर दुसरा आला. फर्माईश मात्र सुटेना. जिथं जाऊ तिथं तेच. ताई गायची आणि शेवटच्या अंतऱ्यात त्याचं नाव घ्यायची, नियमानं, स्वच्छ, सुरात. मी कोरसमध्ये मागं बसायची आणि तेवढ्यापुरतं तोंड मिटून घ्यायची.

मग एक दिवस, मी काही न बोलता, तिनंच सांगितलं. नखं कापत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शेवटचा अंतरा बदलून दे. माझं घाल."

मी घाबरत घाबरत वही काढली. तिचं नाव त्याच्यापेक्षा एका अक्षरानं लहान. 'म्हणे' काढून 'सांगते' घातलं, तेव्हा बसलं. तिनं हळू आवाजात म्हणून बघितलं. एकदा, दोनदा. स्वतःचं नाव स्वतःच्या गाण्यात घेताना तिला लाज वाटत होती. कान लाल झाले होते. आई सूप हातात धरून ऐकत उभी राहिली. मामाला सांगितलं, तेव्हा त्यानं ती ओळ परत एकदा म्हणायला लावली. मग म्हणाला, "म्हण. कोण इचारतंय मी बघतो."

बिलोली तालुक्यातलं गाव होतं. नव्या विहाराचं उद्घाटन. वंदना झाली, भाषणं झाली, मग आमचा कार्यक्रम. उन्हाला मांडव घातलेला, पुढं बायका, मागं माणसं, आजूबाजूच्या गावांतूनही लोक आलेले. दोन-तीन गाणी झाल्यावर मागून ओरडा सुरू झाला, "भाकर! भाकर!" ताईनं माझ्याकडं वळून बघितलं. पांढरी साडी, निळी किनार, कपाळ घामानं चमकलेलं. इतकी देखणी दिसत होती.

पहिल्या ओळीलाच मांडव उठला. बायका बसल्या जागी हात वर करून डुलायला लागल्या. कडी वाजली. वारा हसला. शेवटचा अंतरा आला, मामानं पेटी हळू केली, नव्या पोरानं ठेका धरला. ताईनं कानावर हात ठेवला आणि गायली, "सांगते", आणि पुढं तिचं नाव.

ते कुणाला ऐकू आलं नाही.

सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, "म्हणे", आणि त्याचं नाव. शेकडो माणसं. लहान पोरं, म्हाताऱ्या, स्वयंपाकाकडं असलेल्या बायकासुद्धा. माइकमधून येणारं दोन अक्षरांचं नाव त्याखाली बुडालं. पुढच्या रांगेतल्यांना काहीतरी वेगळं कानावर आलं असावं, कारण त्या एकमेकींकडं बघून हसल्या. ताईनं परंपरेप्रमाणे ओळ दुसऱ्यांदा घेतली. परत आपलं नाव. आता माझ्यासकट कोरस पूर्ण ताकदीनं तिच्या नावामागं उभा होता, मामासुद्धा ओरडत होता. पण लोकांना गाणं येत होतं. ते त्यांचं पाठ होतं. त्यांनी आणखी जोरात त्याचं नाव घेतलं, आणि मागून एकजण हसून ओरडला, "बाई, चुकलं की! आम्ही सांगतो बघा कसं हाय!"

टाळ्या पडल्या. लोक खूश होते. ताईनं हात जोडले.

जेवणं चालू होती तेव्हा एक तरुण मुलगी कडेवर लेकरू घेऊन आमच्या पंगतीजवळ आली. ताईच्या पाया पडायला वाकली, ताईनं तिला वरच्यावर धरलं. मुलगी म्हणाली, "ताई, तुमचा आवाज लई गोड हाय. हे झोपत न्हाई तुमच्या गाण्याबगर. शेवटी जरा विसरल्या न्हाई का तुम्ही? पण काय न्हाई. आम्ही समदे होतो ना, सांभाळून घेतलं."

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लई बरं झालं बाई," ती त्या मुलीला म्हणाली, आणि लेकराच्या तोंडात आपल्या पानातला शिऱ्याचा घास भरवला. मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

त्यानंतर ताईनं ते गाणं गायलेलं नाही. बाकी सगळी गाते. फर्माईश आली की मामा माइक ओढून सांगतो, "ते आम्ही म्हणत न्हाई," आणि दुसरं सुरू करतो. लोक नाराज होतात. आपसात बोलतात, ते आम्हाला स्टेजवर ऐकू येतं. त्यांचं म्हणणं असं की ही पार्टी चांगली आहे, बाईचा गळा चांगला आहे, पण दुसऱ्याचं गाणं एवढं गाजलेलं यांना बघवत नाही.